ऋचाच्या फळ्या आणि वस्तादांचं एरंडेल

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आमच्या व्यायामशाळेचे वस्ताद आदरणीय फत्तेसिंहराव, प्रमुख पाहुण्या अहल्याताई, मंडळाचे पदाधिकारी, आणि मागून बासुंदीचा वास येत असूनही जागेवर बसून राहिलेल्या माझ्या बडोदेकर बंधुभगिनींनो, सर्वांना सुनेत्राचा नमस्कार.

सत्कारमूर्ती माझी सून आहे. सुनेच्या सत्काराला सासूने बोलावं का, यावर कार्यकारिणीत बराच खल झाला म्हणे. पण उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेलेल्या बाईला गप्प कोण बसवणार? तेव्हा सहन करा.

आधी ऋचा करते काय, ते सांगते. कारण कारेलीबागेत मला अजून विचारतात, "सुनेत्राबेन, तमारी वहू रमकडां बनावे छे?" खेळणी नव्हेत हो, स्केटबोर्ड. चार चाकांची फळी, तिच्यावर उभं राहून तोल सांभाळत जायचं. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवायचे, साच्यात दाबायचे, कडा घासायच्या आणि वरून पॉलिशपेपरसारखा खरखरीत कागद चिकटवायचा. तो कागद पाय धरून ठेवतो. तो नीट बसला नसेल तर फळी पुढे जाते आणि माणूस मागे राहतो.

ऋचाला चांगल्या कंपनीत नोकरी होती. ती सोडून तिने छाणीला एक शेड घेतली. माझा मुलगा अनुज बायकोच्या बाजूने, त्यामुळे त्याचं मत मी विचारलंच नाही. मी काळजीत होते. तेव्हा तिनेच मला शब्द दिला, "आई, पहिली ऑर्डर धड पोचली नाही तर शेड सोडेन आणि नोकरीला परत जाईन. हट्ट नाही करणार." आमची सून शब्दाची पक्की. त्यामुळे पुढे मला त्या शब्दाचीच धास्ती वाटायला लागली.

पहिली ऑर्डर आली अहमदाबादहून. शौर्य नावाच्या एका तरुणाने लहान मुलांसाठी स्केटिंगचा वर्ग काढला होता, दसऱ्याला उद्घाटन होतं. फळ्या घासून तयार झाल्या, फक्त कागद चिकटवायचा राहिला. मध्ये आली खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजायची. ऋचा लहानपणापासून वस्तादांच्या हाताखाली मल्लखांब शिकलेली. तिच्या शेडमधली पूजा दुसऱ्या कुणी करावी, हे तिला कसं पटावं? तिने वस्तादांना बोलावलं, चहा दिला आणि झेंडूची फुलं आणायला लहरीपुऱ्याला गेली. नवरात्रातला लहरीपुरा तुम्हाला ठाऊकच आहे. माणूस आत शिरतो स्वतःच्या इच्छेने, बाहेर पडतो गर्दीच्या.

इकडे वस्ताद एकटे. समोर फळ्यांची रांग. अध्यक्षमहाशय, रागावू नका, सांगूनच टाकते. खंडेनवमीला मल्लखांबाला एरंडेल चोळून मगच पूजा करायची, ही आपल्या व्यायामशाळेची रीत. वस्तादांच्या पिशवीत बाटली होतीच. त्यांनी एकेक फळी मांडीवर घेतली आणि प्रेमाने, दोन्ही बाजूंनी, जिरेपर्यंत तेल चोळलं.

ऋचा फुलं घेऊन आली, तेव्हा सगळ्या फळ्या लखलखत होत्या. वस्ताद म्हणाले, "अगं पोरी, कोरडं लाकूड पूजेला मांडतात का?"

तुम्ही तिच्या जागी असता तर काय केलं असतं? मी तर तोंड सोडलं असतं. ऋचाने पूजा पुरी होऊ दिली, आरती म्हटली, वस्तादांना प्रसाद दिला आणि मग शेजारी बसून सांगितलं की तेलावर कागद धरत नाही. वस्ताद पांढरेफटक पडले. म्हणाले, "फोन मला लावून दे. चूक माझी, बोलणी मी खातो." ती म्हणाली, "नाही वस्ताद. फळीवर नाव माझं आहे."

तोवर अनुज आणि मीही शेडवर पोचलो होतो. अनुजने एका फळीवर कागद दाबून पाहिला, तर तो बसला की. आम्हाला हायसं वाटलं. ऋचाने नखाने कोपरा उचलला आणि अख्खा कागद साल निघावी तसा हातात आला. अनुज म्हणाला, "आठवडाभर तरी टिकेल, उद्घाटन तर होऊन जाईल." ती म्हणाली, "आणि त्यानंतर पडेल कोण?" अनुजने फळी खाली ठेवली.

तिने शौर्यला खरं ते सांगितलं, मुदत मागितली. तो म्हणाला, "बेन, मारे तो काले ज जोइए." त्याला उद्याच हव्या होत्या. त्याने दुसरीकडून माल घेतला. त्याचंही काही चुकलं नाही.

घरी आल्यावर ऋचा मला म्हणाली, "आई, शब्द दिला होता. सोमवारी कंपनीत जाऊन विचारते." मी म्हटलं, "ऑर्डर पोचली नाही, कारण तू पोचवली नाहीस. घरच्या माणसाने गळ घातली तरी वाईट माल हातातून सुटू न देणारी बाई नोकरीला घालवून मी काय करू? सोमवारी छाणीला जा." ती रडली. मीही रडले, पण ते कार्यवृत्तात घेऊ नका.

पुढे नव्या फळ्या झाल्या. वस्तादांनी व्यायामशाळेचं अंगण रविवारी सकाळी फळ्या चालवायला मोकळं केलं. मल्लखांब करणाऱ्या आपल्या मुलींना तोल कोण शिकवणार? त्या चढल्या आणि सुटल्या. बघणारे थांबले, विचारू लागले. आज आणंद, नडियाद, सुरतेला फळ्या जातात. यंदाच्या दसऱ्याला शौर्यच्या वर्गालाही गेल्या. मला सुनेचा अभिमान वाटतो, आणि तो लपवण्याइतकी मी विनयशील नाही.

मंडळाने ही संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल ऋणी आहे. वस्तादांची जाहीर थट्टा झाली, बोलण्यात काही उणंदुणं निघालं असेल, तर वयाकडे पाहून पदरात घ्या.

आता सगळ्यांनी बाहेर पटांगणात यावं. तिथे मुली कसरती दाखवणार आहेत. सगळ्यात पुढे माझी नात सानवी असेल, वेगात येईल आणि उतारावरून सुटेल. तिची आजी असून मी पुढच्या रांगेत निवांत बसणार आहे. तिच्या पायाखालची फळी तिच्या आईने केली आहे.