पहिली रीडिंगं

आयसीयूच्या बाहेर माझ्या शेजारच्या बाकावर दोघं बसली होती. एकाच सरांकडे पीएचडी केलेली. त्यांतली बाई नुकतीच सरांना आत भेटून आली होती.

"ताई, नव्या पेपरचं सांगितलंस त्यांना?"

"त्यांनीच विचारलं. म्हणाले, गंधकाचं शेवटी काय निघालं?"

"या अवस्थेतही गंधकच!"

"जन्मभर दुसरं केलं काय त्यांनी? अणूंचा नवा गट गंधकाला चिकटतो त्याच क्षणी जुना सुटतो, सगळं एका दमात. एवढ्यावर अख्खी हयात घातली."

"आणि आता या पेपरात दुसऱ्यांनी दाखवलं, मध्ये क्षणभर दोघंही गंधकाला धरून असतात. आपल्याला ते दिसत होतं गं. वेगाच्या आलेखाला सुरुवातीलाच कुबड यायचं."

"यायचं ना. सर म्हणायचे, पहिली रीडिंगं टाकून द्या, द्रावण अजून नीट एकजीव झालेलं नसतं."

"आणि आपण टाकायचो. एकदा तरी तोंड उघडायला हवं होतं."

"तेव्हा मूग गिळून बसलो. आता बोलून काय उपयोग?"

"मग आज काय सांगितलंस?"

"म्हटलं, सर, तुमचंच बरोबर निघालं. एका दमात."

"बरं केलंस. सुखानं जाऊ देत. खूश झाले असतील."

"कुठलं! माझा हात थोपटला आणि म्हणाले, 'पोरी, अजूनही पहिली रीडिंगं टाकूनच देतेस का गं?'"