परसातली चूल

वडगावातल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीतून सासू-सून बाहेर आल्या. सासूच्या हातात बादली, बादलीत कासव. सुनेला सातवा महिना असावा.

"दूधभातानं पाठ मऊ पडली म्हणं त्याची."

"मी म्हणलं हुतं, आत्या."

"आता दूध न्हाय, पाव न्हाय. बारके मासे, पालेभाजी, मधनंअधनं उकडलेलं अंडं. आणि रोज ऊन."

"आपल्या घरात अंडं?"

"परसात चूल मांडू. मुक्या जिवाला कसला विटाळ, सुवर्णा? ते आल्यापासनं कापडाचा माग बंद पडला न्हाय आपला."

"भांडं कुठलं घिऊ?"

"नवं आण."

"आत्या, मलाबी डॉक्टरबाईंनी रोज एक अंडं सांगितलंय. रक्त कमी हाय."

"तो विषय झालाय. आपल्यात चालत न्हाय."

"परसातच खाईन. त्याच भांड्यात शिजवून."

"त्याला कळत न्हाय गं. तुला कळतंय न्हवं? माणसानं जिभेला आवर घालावा."

"पोटातलंबी मुकंच हाय, आत्या."

"बादली घे तू. माझा हात भरून आलाय. आणि हळू चाल, पाणी हिंदकळलं की घाबरतंय ते."