द्वारका होडीची चकाकी

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, तुम्ही फार लवकर माना डोलावता! माणसावर माया असणं वेगळं आणि माणसाजवळ असणं वेगळं — खरं की खोटं? मायेपोटी माणूस राबतो, उपास धरतो, नवस बोलतो... आणि ज्याच्यासाठी हे सगळं, त्याच्याजवळ घटकाभर बसत नाही! असली माया कुणाच्या कामाची हो? ऐका तर.

खाडीकाठी एक कोळीवाडा. तिथं हिराजी नावाचा कोळी. बायकोचं नाव द्वारका. आणि फायबरची एक निळी होडी होती, तिचंही नाव द्वारका! घरच्या लक्ष्मीचं नाव होडीला दिलेलं. हसताय काय? तुम्ही स्कूटरवर पोरांची नावं रंगवून घेता. बायकोचं लिहिलंय कुणी? — नाही ना? मग गप ऐका!

होडी नवी आली तेव्हा अशी चकचकीत, की द्वारकेनं तिच्यात बघून कपाळावरचं कुंकू सारखं केलं होतं. हिराजी जाळं टाकायचा, ती टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाजवायची. आवाज तर असा, की भाव पाडून मागायची गिऱ्हाइकाची छाती नव्हती!

पण ऊन कुणाला सोडतं? वर्षानुवर्षं ऊन आणि खारं पाणी खाऊन होडीचा निळा रंग विटला. हात लावावा तर तळव्याला पांढरी पूड! आणि घरात द्वारकेचंही तेच. पाय सुजले, धाप लागायला लागली, बाजार सुटला. डॉक्टरांनी हिराजीला बाजूला घेऊन सांगितलं, "हृदय थकलंय. घरी न्या. आता औषधापेक्षा माणूस जवळ असू द्या."

किती सोपं सांगितलं! पण सोपं ऐकेल तो माणूस कसला?

हिराजी निघाला तो थेट गावदेवीपुढं. "आये, दोघी एकदमच विटल्या गो! मी होडीला पयल्यासारखी चमकवून तुज्या पायाशी आनतंय. तू माज्या द्वारकेला पयल्यासारखी कर!"

देवी काही बोलली? छे! देवी बोलत नाही, म्हणून तर आपलं फावतं. आपणच विचारायचं, आपणच होकार ऐकायचा!

झालं. होडी ओढून घरामागच्या वाळूत घेतली. साबणाच्या पाण्यानं धुतली. मग वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात बुडवून घासायचा कागद — खर्र, खर्र, खर्र! पांढरं पाणी ओघळतंय, खालून निळाई डोकावतेय. हिराजीला वाटलं, तिकडं बायकोच्या गालावर रंग चढत असणार!

आतून क्षीण हाक यायची. "अवं, जरा बसा ना माजे जवल."

"येतंय गो! येवढी बाजू झाली का येतंय!"

एक बाजू झाली. दुसरी होतीच! होडीला बाजू दोनच असतात हो, पण माणसाच्या सबबींना? जाऊ द्या!

शेजारची बायजा द्वारकेला पेज भरवायची. एकदा बाहेर येऊन म्हणाली, "दादा, ती तुला इचारते."

"तिच्यासाटीच करतंय ना मी! सांग तिला!"

खोटं बोलला का? एक अक्षर खोटं नव्हतं. हेच तर वाईट आहे, मंडळी! लबाड माणसाला दोन शब्द सुनावता येतात. मायेनं आंधळा झालेल्याला कोण सुनावणार?

एके दिवशी दुपारी कागदाचं काम संपलं. आता रबिंगची पेस्ट आणि त्यावर मेण. मऊ फडकं घ्यायचं आणि गोल गोल फिरवत राहायचं. हिराजी तल्लीन! भूक नाही, तहान नाही. दिवस कलला, आणि होडी — काय सांगू! काठावरचे माड तिच्यात दिसायला लागले! "उठलीस गो! उठलीस!" म्हणून तो होडीच्या गळ्यातच पडला. डोळ्यांना धार. फडकं खांद्यावर टाकून घराकडं धावला...

दारात बायजा उभी. डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"गेली, दादा. आताच गेली."

"मना हाक का नाय मारलीस?"

आता बायजा काय म्हणाली, नीट ऐका. "तिनंच मारू दिली नाय. तुजा कागद घासायचा आवाज घरात यायचा ना, त्याच्यावर ती दीस काढायची. 'हायत भायेर,' म्हनायची. आज दुपारी आवाज थांबला. तशी हसली. बोलली, 'संपला काम. आता येतील.' मना केस इंचरायला लावले, नवा लुगडा नेसवायला लावला. मी तुला बोलवायला निघाले, तर बोलली, 'नको गो, हात धुवत असतील.' मी घरी पोरांना वाढून आले, तरी दाराकडं तोंड करून तशीच बसलेली. टेकली होती भिंतीला... मी हात लावला, दादा, तवा समजला."

मंडळी... फडक्याचा आवाज होत नाही हो!

मग हिराजी बसला. तिच्या उशाशी, मेणानं माखलेला हात तिच्या हातावर ठेवून. लोक न्यायला आले, तरी उठेना. आता त्याला कुठलीच बाजू घासायची नव्हती. पुढं कुणी म्हणालं, "नवस बोलला होतास, होडी देवीपुढं ने." तो म्हणाला, "कुनासाटी?" होडी वाळूतच राहिली. लखलखीत!

मी हिराजीला नावं ठेवत नाही. त्याच्याइतकी माया तुमच्यात किती जणांत आहे, ते तुम्हीच बघा. मी एवढंच विचारतो — देवाला थांबायची सवय आहे. युगानुयुगं उभाच आहे बिचारा! पण घरातल्या माणसाकडं तेवढी सवड आहे का?

इथं कुणी कुणी "आलोच हं" म्हणून निघून आलंय घरातून? मागं कुणाची म्हातारी पडून आहे? कुणाचा भाऊ? मान खाली घालू नका, मी नाव घेणार नाही. पण ज्याची कुणी वाट बघतंय, त्यानं आत्ता उठावं. हो, आत्ता! कीर्तन अर्धं राहिलं तर राहू द्या. आरतीला मी आहे, पेटीवाले आहेत. प्रसाद घरपोच पाठवू. देवाला पाठ दाखवून जा, तो रागावणार नाही.

बघताय काय माझ्याकडं? उठा!