ईलिंग रोडचा नारळ

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा सन्माननीय सीमाताई वर्तक, व्यासपीठावरचे आमचे ज्येष्ठ सल्लागार कमलाकरराव, एजवेअर-वेम्बलीहून रविवारची झोप मोडून मिल्टन कीन्सपर्यंत आलेले पाहुणे, आणि मंडळाच्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो, सप्रेम नमस्कार.

मी विष्णू कुंटे. एरवी इथे चिटणीस म्हणून आभार मानायला उभा राहतो. पण आज ज्या ऋजुताला आपण निरोप देतोय, तिचा मी बाप. फार्मसीतली चांगली नोकरी सोडून ती परवा दोन वर्षांसाठी मेक्सिकोला चालली आहे. कशाला? तर भर समुद्रात ज्वालामुखीचा एक सुळका उभा आहे, त्याच्याभोवती बुड्या मारून मांटा रे नावाच्या अवाढव्य माशांची नोंद ठेवायला! "विष्णुपंत, लग्नाचं काय?" असं मला कार पार्कमध्येच तिघांनी विचारलं. त्यांच्या आस्थेबद्दल आभारी आहे. त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

खरं सांगू? सगळ्यात जास्त विरोध माझाच होता. रेवदंड्यात जन्मून मला पोहता येत नाही. हसा, हसा! शेवटी ती म्हणाली, "बाबा, एकदा माझ्याबरोबर येऊन बघा. मग नाही म्हणालात तर मी नाही जाणार."

म्हणून या २००६च्या मार्चमध्ये, इथल्या थंडीतून, मी तिच्याबरोबर गेलो. बोटीनं दीड दिवस! पोटात काही ठरेना. आणि खडक कसला, तर पक्ष्यांनी पांढरा केलेला. झाड नाही, किनारा नाही, पाय टेकायला जागा नाही. "हे बघायला आणलंस?" मी वैतागून म्हटलं.

आता माझी चूक कबूल करतो. मनीषानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, वेम्बलीच्या ईलिंग रोडवरच्या देशी दुकानातून नारळ आणून माझ्या बॅगेत घातला होता. समुद्राला नारळ दिल्याशिवाय पोरीला पाण्यात कसं सोडायचं? ऋजुता आणि मी रबरी होडीत होतो, ती बुडीची तयारी करत होती. मी हळूच हात जोडले आणि नारळ सोडला. अहो, तो गाइड केवढ्यानं ओरडला! अभयारण्य आहे म्हणे, बाहेरचं काही टाकायचं नाही. नारळ चालला तरंगत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऋजुता सरळ पाण्यात उतरली, नारळ काखेत मारला आणि तिथूनच हाक मारली, "बाबा, मास्क लावा! होडीची शिडी धरा, तोंड पाण्यात घाला. आत्ता!"

घातलं. लाइफ जॅकेटसकट, शिडी गच्च धरून. खालून मांटा वर येत होता, आमच्या डबल गॅरेजच्या दाराएवढा रुंद. मी शिडीला मिठीच मारली. आणि ही? घरात पाच मिनिटं गप्प न बसणारी ही मुलगी काखेत नारळ घेऊन निश्चल. तिनं पाठलाग केला नाही, हात लावला नाही. त्यानं तिच्याभोवती एक फेरी मारली, तिला नीट न्याहाळलं आणि संथपणे निघून गेला. वर येऊन म्हणाली, "घाबरू नका बाबा, तो फक्त बघायला आली होती." शनिवारच्या मराठी वर्गाच्या नीनाताई, तिचं व्याकरण सांभाळून घ्या.

पाण्यात ही माझ्यापेक्षा शहाणी आहे, हे मला तिथेच कळलं. तरी परत आल्यावर मी काय म्हटलं? "बघ बाई, तुझी मर्जी." 'हो' म्हटलं नाही. बापाचा ताठा, दुसरं काय! तिनं तिकीट काढलं, बॅगा भरल्या, पण माझ्या तोंडाकडे बघतेच आहे. आत्तासुद्धा.

हा तो नारळ. तेव्हापासून आमच्या देवापुढे आहे. ऋजुता, बाळा, तू परत आलीस की तुझ्या हातानं फोड. खवट निघाला तरी चालेल. जा तू. माझं हो आहे, अगदी मनापासून हो आहे.

मंडळानं एका बापाचं एवढं ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. आणि सीमाताई, एक विनंती. यापुढे कमिटीची मीटिंग बुधवारी ठेवू नका. बुधवारी लेजर सेंटरच्या तलावात माझा पोहण्याचा क्लास असतो. पुढच्या मार्चमध्ये मला ती शिडी सोडायची आहे.