धक्का त्यांचा, निरोप माझा

नाही, तुम्हीच सांगा, ज्या दोन सख्ख्या बहिणी घरात एकमेकींकडे ढुंकून बघत नाहीत, त्यांना एकाच रिले संघात घालतं का कोणी? आणि कुठे, तर शॉर्ट ट्रॅक स्केटिंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत! तुम्हाला सांगतो, हा खेळच अजब... पायाला पाती बांधून बर्फावर गरागरा फिरायचं, आणि आपले फेरे संपले की पुढच्या पोरीच्या कमरेला मागून दोन्ही हातांनी असा धक्का द्यायचा, की ती सुटलीच पाहिजे. आमच्या संघात धक्का देणारी कोण? माझी थोरली. खाणारी कोण? धाकटी. आणि दोघींचा तीन महिने अबोला! मग निरोप कोण नेणार? मधे कोण? मी!

भांडण कशावरून म्हणाल, तर दगडावरून. हसू नका! पात्यांना धार लावायचा थोरलीचा दगड, तिचा जीव की प्राण, रुमालात गुंडाळून ठेवते. धाकटीनं त्याच्यावर सुरी घासली. कांदे चिरायची! झालं, असा काही भडका उडाला... तेव्हापासून दोघी समोरासमोर बसून जेवतात आणि थोरली मला म्हणते, "बाबा, त्या चोरटीला सांग, मीठ सरकव."

आता मी पडदेवाला. दुकानात पडदे शिवतो. नको ते झाकायचं, हा माझा धंदा! मी म्हणतो, "बाळा, ताई विचारतेय, जरा मीठ देतेस का?" धाकटी म्हणते, "महाराणींना सांग, हात आहेत ना स्वतःला?" मी म्हणतो, "ती म्हणतेय, घे हं ताई." आणि मीठ सरकवतो कोण? मी!

एकदा धाकटी म्हणाली, "तिला सांग, सुरी घासायला मला, बाबा, तूच सांगितलं होतंस." आता... सांगितलं होतं मी. कांदा चिरला जात नव्हता हो, चेंगरत होता! पण सगळंच जसंच्या तसं पोचवत बसलं, तर घर चालेल का? मी थोरलीला म्हणालो, "धाकटीला फार वाईट वाटतंय." वाटतच होतं की!

तर आली अंतिम फेरी. हॉल खच्चून भरलेला, शेजारी आमची ही, माझा हात धरून बसलेली... धरून कसली, ओला कपडा पिळावा तसा पिळत होती. तेवढ्यात खालून खूण झाली म्हणून मी कठड्यापाशी गेलो, तर थोरली हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणते, "बाबा, त्या म्हशीला सांग, शेवटच्या खेपेला मी अर्धा फेरा जास्त मारणारे. धक्का पंचांच्या टेबलासमोर देईन. नेहमीच्या जागी पेंगत राहिलीस तर पदक गेलं म्हणावं!"

निघालो. वाटेत मनातल्या मनात कातरकाम सुरू. म्हैस कापली. पेंगणं कापलं. 'पदक गेलं', हे काय बोलणं झालं, तेही कापलं. पोचलो, तर धाकटीचा चेहरा पांढराफटक, दात कडकडा वाजतायत, थंडीनं की भीतीनं देव जाणे... म्हटलं, "ताई म्हणतेय, शांतपणे खेळ, तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे." पोरीचे डोळे भरले. "खरंच असं म्हणाली?" मी म्हटलं, "शब्दशः!"

आणि खुशीत जागेवर येऊन बसलो. बसल्यावर आठवलं... टेबल! कापता कापता टेबलच कापलं गेलं!

उठतोय तोवर पिस्तूल वाजलंसुद्धा. सुटल्या सगळ्या! मी ओरडतोय, "टेबल! टेबल!" मागचा गृहस्थ म्हणतो, "अहो बसा, खुर्ची दिलीय ना तुम्हाला!" पिवळ्या शर्टवाल्या पुढे, हिरव्या मागे, आमच्या तिसऱ्या, एक लाल शर्टवाली वळणावर आडवी होऊन थेट कडेच्या गादीत घुसली, आणि आली की हो शेवटची खेप! थोरली नेहमीची जागा सोडून सुसाट पुढे. आणि धाकटी नेहमीच्याच जागी, वाकून, कंबर मागे करून वाट बघतेय. पूर्ण विश्वासानं! आता बोला! दोघींच्या कष्टांवर पाणी कोण ओतणार? मधे कोण? मी!

मी डोळे मिटले. आणि त्या सबंध हॉलसमोर आमच्या घरातला तीन महिन्यांनंतरचा पहिला थेट संवाद झाला. "ए म्हशीऽऽ! टेबलापाशीऽऽ!"

"आधी सांगायला काय झालं होतं, महाराणीऽऽ!"

डोळे उघडले, तर धाकटी आतल्या बाजूनं तिरकी कापत जी सुटली, ती थेट टेबलासमोर! आणि धक्का... अहो, तीन महिन्यांचा राग होता त्या दोन हातांत! पोरगी गेली नाही, उडाली! हिरवीला मागे टाकलं, पिवळीला जवळजवळ गाठलं, आणि दुसऱ्या आल्या हो, दुसऱ्या! जगात दुसऱ्या! मी रडलो. पडदेवाला असून डोळे झाकायचं सुचलं नाही मला.

खाली दोघींनी एकमेकींना अशी मिठी मारली, की सोडवायला प्रशिक्षक धावले. मग बोलायला लागल्या. थांबेचनात! हातवारे काय, हसणं काय... मी हिला म्हणतोय, "बघ, माझ्या पोरी बघ!" आणि एकदम दोघी गप्प. दोघींनी सावकाश मान वर केली. माझ्याकडे. थोरलीचे ओठ मला वरून वाचता आले, "शब्दशः?" आणि धाकटी हातानं सुरी घासून दाखवतेय! एवढा मोठा हॉल, आणि लपायला एक पडदा नाही हो कुठे!

आता घरात आनंदीआनंद. दोघी दिवसभर गळ्यात गळे घालून हिंडतात, दगडसुद्धा एकाच रुमालात. फक्त माझ्याशी कोणी बोलत नाही. मग मधे कोण? ही!

काल जेवताना ही म्हणाली, "अहो, थोरली म्हणतेय, बाबा, प्लीज, जरा मीठ देतोस का?"

प्लीज? आमच्या घरात? मी हिच्याकडे बघितलं. ही ताटात मान घालून खुदुखुदु हसतेय! काय करणार, इतकी वर्षं पडदेवाल्याशी संसार केला, शिकली शेवटी शिवायला. मी आपलं मुकाट्यानं मीठ सरकवलं.