कात्रीला जागा नको

पर्ली मावशी : हलू नकोस म्हटलं ना. टाचणी कमरेत घुसली तर गाण्याआधीच किंचाळशील, आणि हे स्टुडिओवाले तेच तबकडीवर घेतील.

ओडेसा : आज नुसता आवाज घेणार आहेत, मावशी. चित्र उद्या. झग्याची घाई तुलाच झालीय. थिओटिस, तू भिंतीकडे बघत बसू नकोस. शेवट बदलून देतोस की नाही?

थिओटिस : मी कालच सांगितलं. बारा गावचं पाणी प्यालोय तुझ्याबरोबर. पियानो वाजवतो, बँडच्या चाली लिहितो, तुझे हट्टसुद्धा सुरात बसवतो. पण गाण्याचा शेवट त्या गोऱ्या हिरोच्या तोंडी घालायचा, हे मला जमणार नाही.

पर्ली मावशी : कुणाच्या तोंडी? त्या वेंडेल क्रॉफ्टच्या? पोरी, रात्री डोक्याला तेल लावलंस ते मेंदूत उतरलं का?

ओडेसा : तू आधी तोंडातल्या टाचण्या काढ, मग बोल. गिळशील एखादी.

थिओटिस : तुम्हीच सांगा तिला, मावशी. न्यूयॉर्कमधली आपली सगळी हार्लेम वस्ती या एका ओळीसाठी उठून उभी राहते. ‘गाडी गेली तर जाऊ दे, मी इथंच आहे.’ बाई बँड चालवायची छडी खाली ठेवते, बँड गप्प होतो, आणि ती ही ओळ एकटी म्हणते. लोक तिच्या नावाने तिकीट काढतात ते त्या एका क्षणासाठी. आणि ती म्हणते, ते क्रॉफ्टला देऊन टाक.

पर्ली मावशी : ती ओळ कुठे जन्मली ते मला विचार. अर्कान्सातला रेल्वेचा फलाट. तंबूतल्या खेळाचा मालक पहाटेच्या गाडीने पळाला, बरोबर आमच्या पेट्या, कपडे, सगळं घेऊन. आम्ही बाया अंगावरच्या कपड्यांनिशी उभ्या. कुणी रडतंय, कुणी त्याच्या सात पिढ्या काढतंय. मीही काढल्या, देव माफ करो. आणि ही, एवढीशी पोर, सामानाच्या हातगाडीवर चढली आणि गायला लागली. संध्याकाळपर्यंत आम्हाला जेवायला घालायला निम्मं गाव आलं होतं. ती ओळ द्यायची? माझा दात माग, देते.

ओडेसा : तुझे उरलेत किती?

पर्ली मावशी : बघ, बघ. थट्टा करते. म्हणजे नक्की काहीतरी वेडं ठरवलंय.

ओडेसा : ठरवलंय. ऐक, मावशी. मागच्या सिनेमात मी कुठे होते?

पर्ली मावशी : क्लबात. मंचावर. तो झगा मी चहाच्या पाण्यात बुडवला होता, कॅमेऱ्याला पांढरं झेपत नाही म्हणून. तुझ्यामागे सगळा बँड. देखणी दिसत होतीस.

ओडेसा : आणि हिरो?

पर्ली मावशी : तो दारातून आत आला, टेबलाशी बसला.

ओडेसा : त्याच्या टेबलाचं चित्र वेगळं, माझ्या मंचाचं वेगळं. एकाच चौकटीत आम्ही दोघं कधीच नाही. मला वाटलं, जागा लहान असेल. मग थिओटिसने समजावलं.

थिओटिस : मुद्दाम तसं घेतात, मावशी. आपल्या काळ्या माणसांचं गाणं गोष्टीपासून सुटं ठेवायचं, बाहीला टाके न घालता नुसती टाचून ठेवावी तसं. न्यूयॉर्कला, शिकागोला सिनेमा गेला की गाण्यासकट दाखवायचं. दक्षिणेत पाठवताना ओढून काढायचं. गोष्टीला धक्का नाही, तिथल्या गोऱ्या थिएटरवाल्यांची कुरकुर नाही.

पर्ली मावशी : अस्सं. आणि तिथे नॅचेझमध्ये माझी बहीण...

ओडेसा : आई गेली होती. चर्चच्या सगळ्या बायकांना घेऊन, हॅट घालून. बाजूच्या जिन्याने वर, आपल्या लोकांना वेगळं बसवतात त्या गॅलरीत. हिरो क्लबात शिरला आणि लगेच बाहेर आला. बायकांना वाटलं, चुकीच्या दारातून गेला असेल बिचारा.

पर्ली मावशी : पण तिने तर मला सांगितलं, की पोर छान गायली म्हणून.

ओडेसा : मलाही तेच सांगितलं. फोनवर. गाणं छान झालं, आणि तुझा लाल झगा काय खुलला होता. लाल, मावशी. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर लाल दिसतो कधी?

पर्ली मावशी : म्हणजे तिला तू दिसलीसच नाहीस.

ओडेसा : चर्चमध्ये गायला तिने मला उभं केलं. तंबूच्या खेळात जाते म्हटल्यावर बापाने दार लावलं, ते तिने उघडलं. सेंट लुईसला आमचा बँडमास्तर दारू पिऊन मंचामागे पडला, तेव्हा मी त्याची छडी उचलली. पुरुष हसले. तिला कळवलं तर म्हणाली, हसू दे, तू ताल सोडू नकोस. आता माझं नाव दिव्यांनी लिहितात, आणि तिला अंधारात बसून, न दिसलेल्या मुलीचं कौतुक रचावं लागतं. हे मला पुन्हा नको.

थिओटिस : ते मला पटतं. पण त्यासाठी ती ओळच कशाला? दिग्दर्शकाशी बोलू. आपल्या वतीने तो...

ओडेसा : बोलले मी. चांगला माणूस आहे. फार वाईट वाटलं त्याला. वाईट वाटून घेत घेत त्याने कॅमेऱ्याची जागा तीच ठेवली.

पर्ली मावशी : त्या माणसाला मी ओळखते. पुढे केलेलं ताट हळहळत मागे घेणारा.

ओडेसा : म्हणून माझा बेत असा. या सिनेमात क्रॉफ्टने बोटीने निघून जायचं की त्या नायिकेजवळ थांबायचं, हाच सगळा घोळ आहे ना? तो क्लबात बसून विचार करतो, बाहेर येऊन तिला सांगतो, की थांबतो. ते त्याने बाहेर कशाला सांगायचं? मी मंचावरून हाक देईन, ‘गाडी गेली तर जाऊ दे’, जशी रोज देते. आपल्याकडे हाक दिली की माणूस उत्तर दिल्याशिवाय राहत नाही, चर्चमध्ये काय नि नाचघरात काय. उत्तर तो देईल. ‘मी इथंच आहे.’ गोष्टीची गाठच तिथे सुटेल. मग काढा माझं गाणं. हिरो का थांबला ते कुणाला कळणारच नाही.

थिओटिस : त्याचं उत्तर तेवढं ठेवून तुला काढतील. हाकेनंतर एक मात्रा रिकामी आहे. मीच ठेवलीय, तू श्वास घेतेस म्हणून. कात्रीला तेवढी फट पुरते.

ओडेसा : मग ती भर.

थिओटिस : भर म्हणजे? तू श्वास कुठे घेशील?

ओडेसा : नाही घेणार. हाकेचा शेवटचा सूर मी धरून ठेवीन, त्याच्या शब्दांखालून, तो संपेपर्यंत. दोन आवाज एकाच तबकडीवर, एकमेकांत गुंतलेले. मला कापायचं तर त्याचाही गळा कापला जाईल. आणि आज ज्याचा आवाज माझ्या आवाजात मिसळला, त्याला उद्या कॅमेऱ्याने माझ्याशेजारीच उभं करावं लागेल. चित्र तबकडीबरहुकूमच घेतात इथे, तिच्यापुढे कुणाचं चालतं?

पर्ली मावशी : अगं पण तो गाईल का? त्याला गाता येतं?

ओडेसा : नाही येत. पण फार इच्छा आहे. चार दिवस तालमीला पियानोला टेकून उभा राहतो आणि नेमका शेवट गुणगुणतो. आपल्याला कुणी ऐकत नाही असं त्याला वाटतं. काल मी म्हटलं, मिस्टर क्रॉफ्ट, तुमच्या गळ्यात ही ओळ बसते हो. कान लाल झाले त्याचे.

पर्ली मावशी : हात्तिच्या. म्हणजे मासा आधीच गळाला लावून आलीस, आणि आम्हाला विचारतेस पाण्यात उतरू का.

थिओटिस : डेसा, एकदा शेवटचं बोलतो. हे स्टुडिओच्या वरच्या लोकांना उमगलं, तर पुढचा सिनेमा मिळणार नाही. बँडमध्ये लेकुरवाळी माणसं आहेत.

ओडेसा : काल त्यांनाच विचारलं. आधी त्यांना, मग तुला. तू नाही म्हणशील हे ठाऊक होतं. ट्रॉम्बोनवाला म्हणाला, माझी बायको दक्षिणेत बर्मिंगहॅमला असते, तिलाही मी पडद्यावर कधी दिसलेलो नाही. बाकीच्यांनी वाद्यं पुसायला घेतली.

थिओटिस : त्याची पट्टी कोणती आहे?

ओडेसा : माझ्याहून बरीच खाली.

थिओटिस : मग हाकच खाली न्यावी लागेल. तुझा तो वरचा सूर जाईल.

ओडेसा : जाऊ दे.

थिओटिस : कागद दे इकडे. आणि मावशी, मला जरा उजेड द्या.

(दुपार. तीच खोली. पर्ली मावशी शिवत बसलेली. ओडेसा आणि थिओटिस ध्वनिमुद्रण आटोपून येतात.)

पर्ली मावशी : चेहरे बघा दोघांचे. मेलं कोण?

थिओटिस : पहिल्या वेळी मीच मरणार होतो. क्रॉफ्टसाहेबांनी असा सूर लावला, की आमचा क्लॅरिनेटवाला छताकडे बघायला लागला. गळक्या छपरासारखा आवाज. मला वाटलं, संपलं. दिग्दर्शक हात वर करून थांबवणार, एवढ्यात हिने आपला सूर थोडा मोठा केला. बुडत्याच्या काखेत हात घालावा तसा. तो त्या सुरावर चढला, मावशी. ओळ पूर्ण केली. दुसऱ्या वेळी तर बरा गायला. खरं सांगू, चांगला गायला.

पर्ली मावशी : आणि ही श्वास न घेता?

थिओटिस : श्वास न घेता. नंतर माझ्या खांद्याला धरून उभी होती.

पर्ली मावशी : आणि दिग्दर्शक?

ओडेसा : तबकडी पुन्हा एकदा लावून ऐकली. मग म्हणाला, हे तर गोष्टीला फारच छान झालं. उद्या मी मंचावरून उतरायचं, त्याच्या टेबलाशी जायचं. त्यानेच सुचवलं. त्याला वाटतंय, त्यानेच सुचवलं.

पर्ली मावशी : वरच्या ऑफिसातला कुणी होता का?

थिओटिस : होता ना, जाड चष्म्याचा. त्याच्या लगेच लक्षात आलं. म्हणाला, दक्षिणेकडे अडचण होईल, शेवट पुन्हा घेऊ, क्रॉफ्टशिवाय. तेव्हा क्रॉफ्ट वळला. इतका वेळ गालांत हसत होता, ते हसू गेलं. म्हणाला, माझं गाणं कापायचं म्हणता? माझं?

पर्ली मावशी : ‘माझं’ म्हणाला?

थिओटिस : दोनदा. चष्मेवाला घाम पुसत निघून गेला. क्रॉफ्टच्या सिनेमाला दक्षिणेत मेम्फिसपासून मोबाइल गावापर्यंत रांगा लागतात. त्याला दुखवायची कुणाची छाती नाही.

पर्ली मावशी : देवा रे. गाढवाच्या पाठीवर बसून का होईना, नदी ओलांडली म्हणायची.

ओडेसा : गाढव म्हणू नकोस त्याला. मन लावून गायला. जाताना माझा हात हातात घेतला. आणि मग विचारलं, की गाण्याचे कागद छापले, तर शेवटच्या ओळीवर त्याचं नाव घालता येईल का.

पर्ली मावशी : तू काय म्हणालीस?

ओडेसा : घाला म्हटलं.

पर्ली मावशी : अगं, उद्या लोक म्हणतील, क्रॉफ्टची ओळ आहे. तू हार्लेममध्ये म्हणालीस तर म्हणतील, त्याची नक्कल करते. थिओटिस, तू तिथेच होतास ना? तोंडाला कुलूप लावलं होतंस?

थिओटिस : मी तोंड उघडलं होतं, मावशी. हिने माझ्या पायावर पाय दिला.

ओडेसा : उंच टाचेचा बूट होता. सॉरी हं. मावशी, ओळी काय, फलाटावर एक सुचली होती, अजून सुचतील. आपल्या थिओटिसने दुसऱ्या शेवटाची सुरावट येतायेताच शिट्टीवर धरलीय.

थिओटिस : नुसती शिट्टी होती ती.

ओडेसा : चांगली होती. लिही.

पर्ली मावशी : बरं बाई. मग फोन लावते नॅचेझला, तुझ्या आईला. सांगते की यावेळी काही झालं तरी जा, यावेळी पोरीचं गाणं कुणी काढणार नाही.

ओडेसा : नको.

पर्ली मावशी : नको? अगं, तिच्यासाठीच तर एवढा खटाटोप केलास.

ओडेसा : म्हणूनच. काही सांगू नकोस, मावशी. ती जाईलच. तिला आपली गॅलरीत बसू दे, यावेळीही मी दिसणार नाही असं धरून.