रमजानभाईंची जीप हिवाळ्यात कशी चालू होते

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या गावाचे सरपंच, माझ्या सासरेबुवांच्या जागी असलेले अभिमन आबा. पिंपळनेरहून मुद्दाम आलेले कॉलेजचे प्राचार्यसाहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलो ते आपले रमजानभाई आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या सकीनाभाभी. महिला मंडळाच्या माझ्या बहिणींनो, गावकरी मंडळींनो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या, उद्या सकाळी कॉलेजला जाणाऱ्या मुलींनो.

‘जाणाऱ्या’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. आबांनी आत्ताच प्रास्ताविकात सांगितलं की रमजानभाई जीप सोडून लेकीकडे पारोळ्याला राहायला चालले, तेव्हा आता पोरींनी हा हिवाळा घरीच काढावा, शिवरात्र झाली की पुढचं बघू. आबांचा शब्द गावात कोणी मोडत नाही. मीही मोडलेला नाही. माझ्या डोक्यावर पदर आहे तो भाषण संपेपर्यंत तसाच राहील. पण बारावीचं प्रॅक्टिकल फेब्रुवारीत असतं, हे प्राचार्यसाहेबांना विचारा. शिवरात्रीनंतर बघायला काय उरणार? पोरींची लग्नं, दुसरं काय.

तर मंडळी, मला रमजानभाईंविषयी दोन शब्द बोलायला उभं केलं आहे. दोनाचे चार झाले तर कोणी घड्याळाकडे बघू नये.

आपल्या गावातून पिंपळनेरला पहिली एस.टी. नऊला जाते आणि कॉलेजचा पहिला तास सातला असतो. मधली वेळ भरून काढली ती रमजानभाईंच्या काळ्या-पिवळ्या जीपने. हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती जीप चालू कशी व्हायची, हे इथल्या किती पुरुषांना माहीत आहे? हात वर करू नका, मला ठाऊक आहे. ती चालू व्हायची तेव्हा तुम्ही गोधडीत होता.

आपल्याकडची थंडी मी प्राचार्यसाहेबांना काय सांगू? डोंगरावरून वारा उतरतो आणि पहाटे लोखंडाला हात लावला तर चटका बसल्यासारखा वाटतो. त्यात डिझेलची जुनी गाडी. चावी फिरवली की म्हाताऱ्या माणसासारखी खोकते आणि गप्प पडते. पुन्हा फिरवली की बॅटरी बसते. मग देव आठवा.

रमजानभाई मला म्हणायचे, “अक्का, गाडीले रातना गार वारा लागस. ती बी जीवच शे.” म्हणून ते रात्री बॉनेटवर आधी गोणपाट आणि वरून सकीनाभाभींची जुनी गोधडी घालायचे. गाडीचं तोंड वाऱ्याकडे नाही, भिंतीकडे. बॅटरी काढून घरात, चुलीपासून हातभर लांब. भाभी हसताहेत. हसणारच, कारण पाहुण्यांना बसायला जागा नसली तरी बॅटरीची जागा त्यांच्या घरात ठरलेली होती!

पहाटे उठल्यावर पहिलं काम शेगडीचं. निखारे चांगले फुललेले, ज्वाळा अजिबात नको, आणि ती शेगडी इंजिनच्या खाली, ऑइलच्या चेंबरजवळ सरकवून ठेवायची. आत ऑइल गोठल्यासारखं जड झालेलं असतं, ते सैल होतं. ही शेगडी लावून चहा प्यायला निघून जाणारा माणूस गाडी जाळतो, म्हणून तिच्याजवळ बसायचं. रमजानभाई फजरची नमाज आटोपून तिथेच उकिडवे बसलेले मी कितीदा पाहिले आहेत. मग रेडिएटरमध्ये गरम पाणी. उकळतं नव्हे, अंघोळीला सोसेल इतकंच, आणि तेही सावकाश, नाहीतर थंड लोखंड तडकतं. शेवटी हीटरचं बटण दाबून धरायचं. डॅशबोर्डवरची तार लालबुंद होईपर्यंत चावीला हात लावायचा नाही. आमच्यासारख्या उतावळ्या माणसांना हेच जड जातं. काही ड्रायव्हर कापडाचा बोळा पेटवून हवेच्या नळीपुढे धरतात. भाईंनी ते कधी केलं नाही. म्हणायचे, त्याने इंजिनाला व्यसन लागतं, मग रोज बोळा मागतं.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई निरोपाच्या भाषणात गाडीची दुरुस्ती काय शिकवते? थांबा, सांगते.

एकोणनव्वद साली आपल्या पोरींची पहिली तुकडी सायन्सला गेली. त्या हिवाळ्यात एक रीत आपोआप पडली. ज्या घरी न्हाणीचं पाणी आधी तापेल, त्या घरचं पहिलं पाणी जीपला, मग माणसांना. बायांनी ही रीत कुठल्या सभेत ठरवली नव्हती. पोरी आपल्या, म्हणून गाडी आपली, एवढा साधा हिशेब होता. आणि मग तो प्रसिद्ध दिवस आला. ताईबाई, मान खाली घालू नका, आज सगळं बोलायचं आहे!

बारावीच्या प्रॅक्टिकलचा दिवस होता. ताईबाईंची सून बाळंत झालेली, त्यामुळे त्यांच्या चुलीवर पहाटेपासून पाणी. बाळंतिणीचं पाणी म्हणजे त्यात लिंबाचा पाला आलाच. अंधारात ताईबाईंनी अख्खं पातेलं उचललं आणि पाल्यासकट रेडिएटरमध्ये ओतलं. भाई तेव्हा खाली वाकून शेगडी काढत होते. नंतर कोणीतरी बोललं तर ताईबाई म्हणतात कशा, “पानी गरम शे ना, मंग काय झायं?” गाडी एका चावीत चालू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि पांझरा नदीच्या अलीकडे बॉनेटमधून अशी वाफ निघाली की पोरींना वाटलं गाडीलाच मूल झालं! सगळीकडे बाळंतिणीच्या न्हाणीचा वास.

पाला नळीत अडकला होता. भाईंनी भाजलेल्या हातांनी तो उपसला, पोरींनी शेतातल्या पाटाचं पाणी ओढण्या भिजवून आणि डबे भरून आणलं. पण चावी फिरवून फिरवून बॅटरी बसली होती. मग पोरींनी ओढण्या कमरेला बांधल्या आणि जीपला खांदा लावला. गाडी चालू झाली, परीक्षा मिळाली. उशीर झाला, पण मिळाली.

त्या दिवशी नेमका आठवड्याचा बाजार होता. बाजाराला निघालेल्या बैलगाड्यांनी ते दृश्य पाहिलं आणि पोरी परत यायच्या आधी बातमी गावात पोचली. पारावर संध्याकाळी सभा भरली. “पोरी भररस्तामा गाडी ढकलतस, हाई गावले शोभस का?” हे वाक्य कोणाचं होतं ते मी सांगणार नाही. ते वाक्य आज अध्यक्षस्थानी बसलेलं आहे. आबा, रागावू नका, तुम्हीच मला नेहमी म्हणता की तोंडावर बोलावं.

त्या वाक्याचा परिणाम मात्र मला सांगितलाच पाहिजे. कौतिकदादांची इंदू दुसऱ्या दिवशी गाडीत बसली नाही. रसायनशास्त्रात ती वर्गात पहिली असायची. प्राचार्यसाहेबांना आठवत असेल. लेखी पेपर अजून बाकी होते, ते राहिले ते राहिलेच. आज ती माहेरी आली आहे, त्या तिकडे खांबापाशी बसली आहे, मांडीवर लेकरू आहे. सुखात आहे, देव तिला सुखात ठेवो. पण मला त्या गोष्टीचा राग आहे. तेव्हा होता आणि आजही आहे. एका पोरीचं शिक्षण कशाने थांबलं? नापास झाली म्हणून नाही, पैसा नव्हता म्हणून नाही. गार पडलेली गाडी ढकलायला तिच्या घरचं कोणी उठलं नाही, म्हणून थांबलं.

रमजानभाईंनी त्या सभेच्या दुसऱ्या दिवसापासून जीप गावात लावणं बंद केलं. मारुतीच्या देवळापलीकडच्या चढावर ती नेऊन उभी करायला लागले, म्हणजे सकाळी चालू नाही झाली तर उतारावरून सोडून देता येते. दुसरा गिअर, पाय क्लचवर, गाडीने वेग धरला की पाय सोडायचा. कोणी ढकलायला नको. पण तो चढ काही घराशी नव्हता. हा माणूस सगळा हिवाळा, पुढचे सगळे हिवाळे, खांद्यावर बॅटरी घेऊन अंधारात तिथवर चालत गेला. कशासाठी? कोणाच्या पोरीला गाडीतून उतरावं लागू नये म्हणून. गावाने काय केलं? गाव ही गोष्ट विसरलं. आपल्याला वाटायला लागलं की जीप आपोआप चालू होते.

भाईंच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. खांदा वर उचलला जात नाही. तो खांदा कशाने गेला, हे मी वेगळं सांगायला नको.

गाडीचं काय, हा प्रश्न आबांनी मघाशी विचारला. गाडी आपल्या महिला मंडळाने घेतली आहे, व्यवहार झाला आहे. चालवणार कोण? मंडळी, गेल्या उन्हाळ्यात मी भाचीच्या घरी धुळ्याला महिनाभर राहिले ते हवापालटासाठी, असं मी घरी सांगितलं होतं. मी तिथे गाडी शिकत होते. आरटीओच्या मैदानावर साहेबांपुढे लुगडं खोचून आठचा आकडा काढला. साहेब म्हणाले, “बाई, पुन्हा एकदा काढून दाखवा, माझा विश्वास बसत नाही.” मी पुन्हा काढला. लायसन आणि उतारू नेण्याचा बिल्ला दोन्ही माझ्याकडे आहेत. आमच्या ह्यांना ही बातमी तुमच्याबरोबर आत्ताच कळते आहे, तेव्हा त्यांच्या शेजारी बसलेल्यांनी त्यांना जरा पाणी द्यावं.

आबा आता म्हणतील, गाडी चालवणं वेगळं आणि गार गाडी चालू करणं वेगळं. बरोबर आहे. म्हणून तर इतका वेळ बोलले. गोणपाट मला घालता येतं, गोधडी माझ्याकडे आहे, बॅटरी मी रोज आत घेईन. शेगडीजवळ बसायला मला कोणी शिकवायला नको, आम्ही बायका जन्मभर तिथेच बसतो. पाणी गावातल्या बाया देतील, ताईबाईंचं मात्र गाळून घेऊ! हीटरची तार लाल होईपर्यंत थांबायलाही मी शिकले आहे. माझ्या स्वभावाला ते सगळ्यांत अवघड गेलं.

पण एक गोष्ट माझ्या हातात नाही. यंदा रस्ता रुंद झाला आणि देवळापलीकडचा चढ कापला गेला. आता गाव सपाट आहे. एखाद्या कडक थंडीच्या दिवशी एवढं सगळं करूनही जीप चालू होणार नाही. त्या दिवशी तिला धक्काच लागेल. आणि मी स्टिअरिंगवर असेन, मी ढकलू शकणार नाही.

आबा, तुम्ही म्हणालात की पोरींनी गाडी ढकलणं शोभत नाही. मला ते मान्य आहे. शंभरदा मान्य. मग ज्यांना शोभतं त्यांनी उठावं.

या मुली उद्या घरी बसणार नाहीत. एवढं मी या माईकवरून, सगळ्यांच्या समक्ष सांगते आहे. जीप सकाळी ग्रामपंचायतीपुढून निघेल. आणि उद्या तिच्यात मुलींबरोबर आणखी दोन उतारू आहेत. रमजानभाई आणि सकीनाभाभी त्याच फेरीने पिंपळनेरला जातील आणि तिथून पारोळ्याची गाडी धरतील. भाई, तिकडे मागे नाही, पुढे माझ्या शेजारी बसायचं. आजवर तुम्ही सगळ्यांना पोचवलंत, कोणी तुम्हाला पोचवलं नाही.

आज आपण त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, हार घातले. चांगलं केलंत. पण तुम्हाला खरोखर निरोप द्यायचा असेल ना, तर तो इथे टाळ्या वाजवून देऊ नका. उद्या पहाटे उठा, तोंड धुवा, कानटोपी घाला आणि गाडीच्या मागे येऊन उभे राहा. ती चालू झाली तर हात हलवा. नाही झाली तर…

काय आबा? नाही, बसून बोललात तर मागे ऐकू जात नाही. हा माईक घ्या.

ऐकलंत मंडळी? आबा म्हणतात, “मी येसू. पन मन्हा गुडघा दुखस, मी एकलाच ऱ्हासू का?” आबा, तुम्ही एकटे राहणार नाही. ते बघा, कौतिकदादा उभे राहिले आहेत. दादा, इंदूकडे बघू नका, रडू येईल, माझंही भाषण अडेल. बसा. उद्या या.

अध्यक्षांनी मला इतका वेळ बोलू दिलं, प्राचार्यसाहेबांनी मान हलवत ऐकून घेतलं, सभेने चहा गार होऊ दिला, त्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. मी शाळा फार शिकले नाही. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, थोरामोठ्यांपुढे एखादा शब्द वाकडा गेला असेल, तर लेक समजून पोटात घाला. पण सकाळी जीप जाणार हे मी जे बोलले, त्याची माफी मागत नाही.

भाई, बॅटरी आज माझ्या घरी.